ट्रान्समवरचे ठोके

मला राग येतो. लहानपणापासून येतो, पण गेली दोन वर्षं जरा जास्तच येतो असं आमच्या घरात सगळ्यांचं म्हणणं आहे. "गुणाजी म्हातारपणी पिसाळला," असं माझी बहीण सुभद्रा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते. सांगू दे. खरी गोष्ट तिला ठाऊक नाही. मी ओरडलो की समोरचा माणूसही ओरडतो, आणि तो ओरडला की मला ऐकू येतं. नाहीतर नुसते ओठ हलताना दिसतात.

चाळीस वर्षं मी आउटबोर्ड इंजिनं दुरुस्त केली. बोटीच्या मागच्या बाजूला बाहेर लटकवतात ते इंजिन. माझगावला पत्र्याच्या शेडमध्ये, चारी बाजूंनी बंद, आणि आत टू-स्ट्रोक इंजिन फुल रेसवर. शेठ म्हणायचा, गुणाजी, कानात कापूस घाल. मी म्हणायचो, शेठ, कापूस मेल्यावर नाकात घालतात, जिवंतपणी कशाला? सगळे हसायचे. आता भोगतोय.

पूर्ण बहिरा नाही मी. जाड आवाज येतात, बारीक आवाज गेले. ट्रकचा हॉर्न ऐकू येतो, कुकरची शिट्टी नाही. आणि माझा सगळा धंदा होता तो बारीक आवाजावर. बोटीची मागची भिंत असते ना, जिच्यावर इंजिनाचं सगळं वजन येतं, तिला ट्रान्सम म्हणतात. बाहेरून फायबर, आत प्लायवूड. बोल्टाच्या भोकातून आत पाणी शिरलं की प्लायवूड कुजतं, आणि बाहेरून काही म्हणजे काही दिसत नाही. मग स्क्रूड्रायव्हर उलटा धरून मुठीने ठोकायचं. लाकूड चांगलं असेल तर टण्ण वाजतं. कुजलं असेल तर भद्द. मुंबईत कुठेही जुनी बोट विकायला निघाली की लोक म्हणायचे, गुणाजी मिस्त्रीला बोलव, तो ठोकून सांगेल. माझं 'घे' आलं की व्यवहार पक्का. दोन वर्षांपूर्वी एके दिवशी ठोकलं, तर भद्द. शेजारची नवीकोरी बोट ठोकली, तीही भद्द. तेव्हा समजलो.

सांगितलं नाही कोणाला. काय सांगणार? हात होते, डोळे होते, पण लोक येत होते ते कानासाठी.

तर मयूर. मयूर सुभद्राचा मुलगा, मांडव्याच्या लाँचवर कामाला आहे. पोरगा समुद्रावर मोठा झालेला, त्याला वेगाचं वेड. थंडीत रविवारी सकाळी दहा-बारा पोरं लहान बोटी घेऊन पाण्यात तरंगत्या बोयाला वळसे घालत शर्यत लावतात, त्यात याला उतरायचं होतं. आणि एरवी बायकोला, लहान मुलीला घेऊन फिरायला जायचं होतं. नवी परवडत नाही, म्हणून जुनी, पण पळणारी. दिवाळीपासून शोधत होता. वडाळ्याला एक बघितली, तिच्या तळाला पोट आलेलं. तळ वाकडा असला की वेगात बोट नाक खाली घालते, ती मीच नको म्हटली. दुसरीचं इंजिन जाम. तिसरी मिळाली आमच्याच माझगावात. ठाकूरद्वारचे कोणी वीरेंद्र म्हणून गृहस्थ, वकील, घरातच तीन पिढ्या वकिली. हौसेने घेतलेली, आता कंबर धरते म्हणून विकत होते.

आमच्या घरात एक नियम आहे. इंजिन असलेली कुठलीही वस्तू, पंप असो, स्कूटर असो, मामाने हात लावल्याशिवाय घरात येत नाही. सुभद्राने तो आमच्या बापासमोर काढलेला नियम, अजून मोडला नाही. त्यामुळे गुरुवारी मयूर मला घेऊन गेला.

बोट बघितली आणि काय सांगू, जीव जडला तिच्यावर. पंधरा फूट, निमुळती, लाल, मागे साठ घोड्यांचं तीन सिलेंडरचं इंजिन. मी सुतळी काढली, तळाला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ताणली. कुठे केसाएवढी फट नाही. प्रॉपेलरची पाती बघितली, स्टिअरिंग हलवून बघितलं. प्लग काढून प्रत्येक सिलेंडरला कॉम्प्रेशनचा गेज लावला. एकशेवीस, एकशेअठरा, एकशेवीस. तिन्ही जवळजवळ सारखे, म्हणजे इंजिन ठणठणीत. आकडे डोळ्यांनी वाचता येतात हो. इतकं बरं वाटलं मला ते आकडे वाचताना. वाटलं, अजून मी आहे.

मग मागे आलो. ट्रान्समला नवीन रंग दिसला.

"हा रंग कधी मारलात?" मी ओरडलो.

वीरेंद्र दचकले आणि तेही ओरडले. "गेल्या वर्षी, गुणाजीराव. ओरखडे पडले होते, म्हणून."

माणूस खोटं बोलत नव्हता. पण रंगाखाली काय आहे ते त्यांनाही माहीत नसणार. मी इंजिन खालून धरून वर-खाली हलवलं. भिंत हलल्यासारखी वाटली, पण आता माझेच हात कापतात, त्यातलं कुठलं कोणाचं काय कळतंय? मग स्क्रूड्रायव्हर उलटा धरला आणि ठोकलं. मधे, डावीकडे, उजवीकडे, खाली बोल्टाजवळ. भद्द, भद्द, भद्द, भद्द. सगळीकडे एकच. माझ्या कानाला सगळं जग तसंच वाजतं.

मयूर माझ्याकडे बघत होता. वीरेंद्रही. शेडमधला वॉचमनसुद्धा हातातला चहा तसाच ठेवून बघत होता. आता या क्षणाला मी म्हणू शकलो असतो, बाबांनो, मला ऐकू येत नाही. चार शब्द. चाळीस वर्षांची इज्जत एका पारड्यात आणि चार शब्द दुसऱ्यात. मला वाटलं, तळ सरळ आहे, इंजिन घोड्यासारखं आहे, माणूस सज्जन आहे, सज्जन माणसाची बोट कशाला कुजेल? असा विचार करणाऱ्याला मी पूर्वी शेडच्या बाहेर हाकलला असता.

"घे," मी म्हणालो.

मयूर काही बोलला नाही. हसला पण नाही. मला वाटलं आनंदाने गप्प झाला.

त्यानंतर दोन दिवस मी घराबाहेर पडलो नाही. लालबागला माझी एक खोली, एकटा माणूस, डोकं नुसतं तेच तेच दळत राहतं. ट्रान्सम फुल वेगात फाटला तर काय होतं ते मी एकदा बघितलंय. इंजिन भिंतीसकट सुटतं, केबलला लटकून बोटीला मागे ओढतं, आणि पाणी मागून आत येतं. मिनिटभरसुद्धा लागत नाही. त्या बोटीत मयूर असणार. कधी त्याची बायको, मांडीवर पोरगी. मी स्वतःला म्हणायचो, अरे कुजलीच असेल असं कुठे आहे? आणि मग म्हणायचो, नसेलच असं तरी कुठे आहे मेल्या? तुला माहीतच नाही. माहीत नसताना बोललास.

शनिवारी दुपारी उठलो आणि चालत परळला गेलो. चाळ पाडून बांधलेल्या टॉवरमध्ये सुभद्राला चौदाव्या मजल्यावर घर मिळालंय. ती बांगडे तळत होती.

"दादा, जेवतलंस मा?" ती स्वयंपाकघरातून ओरडली. माझ्याशी ओरडूनच बोलायची सवय लागलीय तिला.

"नको. मयूर कुठे?"

मयूर गॅलरीत बसला होता. मी त्याच्या समोर स्टूल घेऊन बसलो. वाटेत सगळं ठरवून आलो होतो, कसं सुरू करायचं, काय म्हणायचं. सगळं विसरलो.

"ती बोट घेऊ नकोस," मी म्हणालो. "मला ऐकू येत नाही. मी ठोकलं, पण मला काही समजलं नाही. मी खोटं बोललो तुझ्याशी."

मयूरने माझ्याकडे बघितलं. मग तो जवळ सरकला आणि ओठ सावकाश हलवत, मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून बोलला. लहान मुलाशी बोलतात तसं. त्यावरूनच मला समजलं की याला माहीत आहे.

"मामा, ती बोट मी घेतच नव्हतो. ट्रान्सम ओला आहे. बुधवारी मी बोट क्लबमधून ओल मोजायचं मशीन आणून लावलं होतं. काटा शेवटपर्यंत गेला. काल वीरेंद्र काकांना पण सांगितलं, ते स्वतःच हादरले."

"बुधवारी?" मी म्हणालो. "आणि मला गुरुवारी नेलंस?"

"हो."

असा राग आला म्हणून सांगू! मी उभाच राहिलो. "माझी परीक्षा घेतलीस? मला? तुला स्पॅनर धरायला कोणी शिकवलं रे? त्या परक्या माणसासमोर माझा तमाशा केलास?"

"मामा, दोन वर्षं गणपतीत तुझी झांज मागे पडते. मी मागून हाक मारतो, तू वळत नाहीस. आईला वाटतं तू चिडतोस. मला खात्री करायची होती. मला वाटलं, तू ठोकशील आणि 'नको' म्हणशील. देवाशपथ, मला तसंच व्हायला हवं होतं. किंवा निदान सांगशील. आणि तू 'घे' म्हणालास."

मी खाली बसलो. मला मारलं असतं तरी चाललं असतं. माझ्याच भाच्याला, अंगाखांद्यावर वाढलेल्या पोराला, मी कुजक्या बोटीत बसवत होतो, आणि ते त्याने माझ्या तोंडून ऐकलं होतं. रडू आलं. या वयात, सुभद्राच्या गॅलरीत, वाळत घातलेल्या कपड्यांच्या मधे बसून मी रडलो. मयूरने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"जाऊ दे. मी घेतली नाही ना. झालं ते झालं," तो म्हणाला. मग त्याचा चेहरा बदलला. हात त्याने काढला नाही, पण बोटं घट्ट झाली. "मामा. गेल्या दोन वर्षांत अजून कोणाला 'घे' म्हणालास?"

माझ्या डोक्यात हे आलंच नव्हतं. खरं सांगतो, आलंच नव्हतं. मयूर, मयूर, मयूर, एवढंच चाललं होतं दोन दिवस.

मी बोटांवर मोजलं. एक बोट गोव्याच्या माणसाने नेली, ती रंगायला काढलीय, गेल्याच महिन्यात निरोप होता त्याचा. एक अजून शेडमध्ये झाकून ठेवलीय. आणि तिसरी बुधाजीची. बुधाजी माझगावचाच कोळी, हौशी लोकांना गळाने मासे धरायला घेऊन जातो. होळीच्या आधी त्याने जुनी बोट घेतली, माझ्याच शब्दावर. "मिस्त्री, तू म्हणशील तर घेतो," एवढंच म्हणाला होता. मशीन लावलं नाही, दुसऱ्या कोणाला दाखवली नाही.

"बुधाजी," मी म्हणालो. "शनिवार-रविवार जातो तो. खांदेरी बेटाच्या पुढे. पाच-सहा माणसं असतात."

"आज शनिवार आहे," मयूर म्हणाला.

मी खिशातून फोन काढला, नंबर लावला आणि कानाला धरला. आत काहीतरी होतं, पण रिंग वाजतेय की ती बाई बोलतेय, नंबर लागत नाही म्हणून, ते मला कळेना. मी दुसरा कान लावला. तेच. मी फोन मयूरच्या हातात दिला.

सुभद्रा गॅस बंद करून दारात येऊन उभी राहिली. "काय झाला? कोणाक फोन?" तिने विचारलं, निदान तसं काहीतरी. मयूर फोन कानाला दाबून समोरच्या बिल्डिंगकडे बघत होता आणि मी त्याच्या तोंडाकडे. त्याने फोन खाली घेतला, परत नंबर दाबला, परत कानाला लावला.

"काय येतंय?" मी विचारलं. "वाजतोय का? मयूर, वाजतोय का रे?"

त्याने हात वर करून मला थांबवलं, आणि तो ऐकत राहिला.