समोरच्या खिडकीचा पडदा

मित्रांनो, मी एक जुना पडदा आहे. शेवाळी रंगाचा, जाड लोकरीचा, आतून अस्तर लावलेला. नेदरलँड्समधल्या फ्रीसलंड प्रांतात, एका कालव्याकाठच्या घरात, रस्त्याकडच्या मोठ्या खिडकीच्या डाव्या बाजूला मी लटकतो. उजव्या बाजूला माझा जुळा भाऊ. दोघे एकाच ताग्यातून कापले गेलो, एकाच दिवशी टांगले गेलो आणि त्यानंतर कधी भेटलोच नाही.

कारण आमच्या गावात समोरचा पडदा कोणी ओढत नाही. दिवसा नाही, दिवे लागल्यावरही नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याने खुशाल आत डोकावावे, कुंड्या पाहाव्यात, टेबलावर काय वाढले आहे ते पाहावे. पडदा ओढला म्हणजे घरात काहीतरी लपवण्यासारखे आहे, किंवा मग कोणीतरी गेले आहे. मी नवा होतो तेव्हा शेजारणींनी माझे कापड चिमटीत धरून वाखाणले होते. पुढे माझी एक कड उन्हाने विटली, मांजराने खालचे टोक ओरबाडले आणि मी नुसता शोभेचा उरलो. खरे सांगतो, काम नसलेल्याचे दिवस फार लांब असतात.

आमची मालकीण वित्स्के. हाताच्या तळव्याने चेंडू टोलवण्याचा जो खेळ आमच्याकडे गावोगावी खेळतात, त्याचे समालोचन ती छोट्या स्थानिक रेडिओवर करायची, तेही आमच्या फ्रिजियन भाषेत. चेंडू हातावर कसा बसला, गवत किती ओले होते, कोण कोणावर चिडले, सारे तिच्या बोलण्यात दिसायचे. अशी जीभ मी दुसऱ्या कोणाची ऐकली नाही. मग तो रेडिओ बंद पडला आणि तिच्या गुडघ्यांनीही मैदानावर उभे राहायला नकार दिला.

तिचा थोरला भाऊ रिन्स कालव्यापलीकडच्या वृद्धाश्रमात होता. तरुणपणी तो या खेळात जिंकून गळ्यात हार घालून घरी यायचा. आता त्याची नजर गेली होती. बहिणीचा आवाज हीच त्याची उरलेली खिडकी, आणि तीही बंद झाली होती.

तेव्हा वित्स्केच्या मुलीने, हिस्केने, घरातच स्टुडिओ थाटायचे ठरवले. मैदानावरच्या कॅमेऱ्यातून चित्र घरी यायचे, वित्स्केने टेबलाशी बसून बोलायचे आणि ज्याला हवे त्याने इंटरनेटवर ऐकायचे. म्हणजे उंटावरून शेळ्या हाकण्याचाच प्रकार, पण वित्स्केला तो पसंत पडला. दिवा आला, मायक्रोफोन आला. आठवडाभर दोघी तारांमध्ये गुरफटलेल्या होत्या.

पहिलाच सामना झाला आणि रिन्सचा फोन आला. "पाण्याच्या टाकीत बसून बोलत होतीस का गं? एक शब्द कळेल तर शपथ."

वित्स्केचा उतरलेला चेहरा मी पाहिला. पुढच्या रविवारी अंतिम सामना होता, आणि कित्येक वर्षांनी आपल्या गावाचा संघ त्यात होता. तो रिन्सला ऐकू आला नाही तर हा सारा खटाटोप कशासाठी? हिस्केने गालिचे पसरले, गाद्या उभ्या केल्या, भिंतीला अंड्यांचे पुठ्ठे चिकटवले. खोली कोंबड्यांच्या खुराड्यासारखी दिसू लागली, पण आवाजाचा घुमारा काही जाईना. काखेत कळसा आणि गावाला वळसा! मी तिथेच लटकत होतो, पण माझ्याकडे कोणी पाहिले नाही.

शेवटी आंधळ्या रिन्सनेच मला पाहिले. सामन्याच्या थोडे आधी त्याने फोनवरून बहिणीला बोलायला लावले, कान देऊन ऐकले आणि म्हणाला, "तुझ्यासमोर मोठी काच आहे ना? आवाज तिच्यावर आपटतोय. पडदा ओढ."

"भर दुपारी? लोकांना वाटेल घरात कोणी गेलं."

"वाटू दे. मला ऐकू येऊ दे."

हिस्केने आम्हाला ओढले. कड्या कुरकुरल्या, धुळीचा लोट उठला, सगळ्यांना शिंका आल्या. आणि इतक्या वर्षांनी माझी कड माझ्या भावाच्या कडेला लागली. मित्रांनो, त्या क्षणाचा आनंद मला सांगता येत नाही. खोली एकदम शांत झाली. वित्स्केने घसा साफ केला आणि बोलू लागली.

सामना रंगात आला असताना मागचे दार उघडले. शेजारीण आफके आत आली, अंगात काळा कोट, हातात साखर घातलेला पाव. शेजारच्या घरात मृत्यू झाला की सर्वांत आधी मदतीला जायचे हा तिचा शेजारधर्म होता. वित्स्केने बोलणे तोडले नाही. तिने ते मायक्रोफोनमध्येच सांगितले, "आफके आली आहे, काळा कोट घालून. बस गं, आमच्याकडे कोणी मेलेलं नाही. समोरचा संघ मात्र शेवटच्या घटका मोजतोय."

आफके मांडीवर पाव घेऊन शेवटपर्यंत बसली. गाव जिंकले. मग फोन वाजला. पलीकडून रिन्स म्हणाला, "शेवटचा चेंडू दिसला मला, वित्स्के."

त्या उन्हाळ्यापासून गावाला कळले की वित्स्केचा पडदा बंद म्हणजे सामना सुरू. लोक खिडकीपुढून जाताना सायकलची घंटासुद्धा वाजवत नसत.

हिवाळ्यात रिन्स गेला. आफके तोच काळा कोट घालून आली आणि रीतीप्रमाणे मला ओढायला पुढे झाली. वित्स्केने तिचा हात धरला.

"नको, आफके. हा ओढला की रिन्स ऐकायला बसतो. आज तो ऐकत नाहीये."

त्या दिवशी आमची खिडकी उघडीच राहिली. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी वित्स्केला रडताना पाहिले, आणि तिने पाहू दिले.

मित्रांनो, तुमच्याही घरात माझ्यासारखे कोणी कोपऱ्यात उगाच लटकत असेल. त्याची धूळ झटका, उसवले असेल तर टाका घाला, आणि एकदा त्याला काम देऊन पाहा. आता उन्हाळा पुन्हा आला आहे. काल वित्स्केने मला स्वतःच्या हाताने ओढले, भावाच्या कडेला नीट लावले, खुर्चीत बसली आणि मायक्रोफोन सुरू करण्याआधी हळूच म्हणाली, "बसलास ना, रिन्स?"