पिपाणी गलांड्याचे बी

आमच्या महाविद्यालयातील वनस्पतिशास्त्राच्या विभागप्रमुखांनी, जयराम सरांनी, माझ्याकडून मागवून घेतलेल्या एका फोटोवरून निकाल दिला: वणीजवळच्या साळूबाईंच्या रानातील गलांड्याला रोग झाला आहे, पसरण्यापूर्वी अख्ख्या वाफ्यावर ट्रॅक्टरचा रोटाव्हेटर फिरवून तो मातीत गाडावा. तसे पत्रही त्यांनी साळूबाईंना धाडले. रान त्यांनी पाहिले नव्हते. पाहण्याची गरज अल्पज्ञांनाच भासते.

तीन आठवड्यांपूर्वी मला तिथे एक विलक्षण झाड दिसले होते; फोटो त्याचाच. हारांसाठी लावतात तो हा लाल-पिवळा गलांडा मुरमाड जमिनीत पंधरा पंधरा दिवस पाण्यावाचून तग धरतो. त्याच्या पाकळ्या सपाट असतात. या झाडाच्या प्रत्येक पाकळीची मात्र नळी झाली होती, टोकाशी पिपाणीसारखी उघडलेली. रोग, की नवा वाण? उत्तर बियांत होते. रोगट फूल हिरवे पडते, त्याची पाने होऊ लागतात, बी धरत नाही. म्हणून एका फुलाच्या देठाला खूण म्हणून पर्समधला लाल दोरा बांधला. रानात कोणी नव्हते. ते फूल खुडू नका, असा साळूबाईंना फोन करीन म्हटले आणि उत्तरपत्रिकांच्या ढिगाऱ्यात ते राहून गेले. इतरांच्या चुका मी मोजत असते, ही माझी.

आज सकाळी साळूबाईंच्या मुलाचा, गोरक्षचा, फोन आला. "शेख मॅडम, अकराला रोटाव्हेटर घालतोय."

गंगापूर रोडवरून गाडी काढली तेव्हा साडेनऊ झाले होते. वाटेत आठवले: सप्तशृंगी आईची चैत्राची यात्रा नुकतीच आटोपली आहे. यात्रेच्या हारांसाठी उमललेले प्रत्येक फूल खुडले जाते. वाळलेलेही मोडून टाकतात, म्हणजे नव्या कळ्या येतात. माझ्या फुलाला बी धरायला कोण थांबले असणार?

पोचले तेव्हा ट्रॅक्टर धडधडत होता, गोरक्ष वर बसलेला, साळूबाई वाफ्याच्या कडेला उभ्या.

"गोरक्ष, थांब!"

"मॅडम, तुमच्याच सायबाचं पत्र हे. रोग आमच्यात येईल म्हणून शेजारी लय बोलू राहिले."

वाफा फुलांवाचून हिरवागार, ओका दिसत होता. आणि मधोमध ते एक झाड! एकाही फुलाला हात लागलेला नव्हता; दोऱ्याच्या देठावर वाळलेला, केसाळ गोळा ताठ उभा होता.

"साळूबाई, हे कसं राहिलं?"

"त्याला कोण हात लावंल? नवसाचं हे ते."

"कुणाचा नवस?"

"मला काय ठावं? कुणीतरी आईला बोललं, दोरा बांधला. बायांना सांगितलं, त्या झाडाकडं बघायचं पण नाय."

"अहो, तो दोरा मी बांधला."

त्यांनी मला नखशिखांत न्याहाळले. "तुम्ही? सप्तशृंगीला?"

"आई, मॅडमनी खूण केली व्हती," गोरक्ष हसत सुटला.

"मंग सांगायचं ना, बाई! रोज पाया पडू राहिले मी त्याच्या!"

मी गोळा खुडून तळहातावर चुरला. कडेचे दाणे पोकळ निघाले, नुसता भुसा. गोरक्षने माझ्या चेहऱ्याकडे पाहिले आणि गिअरवर हात ठेवला. मी बोटाने आतला थर उकलला. तपकिरी, लवदार, निमुळते दाणे, प्रत्येकाच्या डोक्यावर कागदी मुकुट. नख रोवले, आत पांढरा, टणक गर.

"भरलंय!" मी ओरडले. तीस वर्षे वर्गात आवाज न चढवणारी मी चक्क ओरडले. "बी भरलंय, साळूबाई!"

साळूबाईंनी एक दाणा दाताखाली फोडला. "भरलंय की. रोग नाय." एवढ्या निदानाला त्यांना ना पत्र लागले, ना पद.

"रोग नाही, हे नक्की. वाण आहे का, ते पेरल्यावर कळेल. सगळ्यांना अशाच पाकळ्या आल्या तर..."

"येत्यात का नाय ते बघूच." माझ्या तळहातावरचे निम्मे बी त्यांनी न विचारता पदरात घेतले. "रान माझं हे. निम्मं तुमचं, निम्मं माझं. ए गोरक्ष, वाफा राहू दे. बांधाकडची पट्टी मोकळी हे, तिकडं घाल ते यंत्र. बी पेरायला चांगली भुसभुशीत कर."

गोरक्षने ट्रॅक्टर वळवला, आणि चप्पल हातात घेऊन मी त्याच्या मागे बांधाकडे धावले.