एका मशीनवर दोघी

पुरात शेजारच्या वहिनीचं शिलाई मशीन वाहून गेलं, तेव्हा मी माझं तिच्या घरी नेऊन ठेवलं. सकाळी ती शिवायची, दुपारी मी. मग मदतवाले यादी करायला आले. तिच्या घरात मशीन दिसलं, म्हणून तिचं नाव कापलं. माझ्या घरात नव्हतं, म्हणून नवंकोरं मला! जुनंही माझंच आहे, नवं तिला द्या, असं कानीकपाळी ओरडले. साहेबांचं आपलं एकच, "नियम आहे, ताई."

"यासाठीच ठेवलं होतंस होय माझ्याकडे?" म्हणत वहिनीने जुनं मशीन माझ्या दारात आणून आदळलं. नवं द्यायला गेले, तर तोंडावर दार लावलं.

काल तेच साहेब पुन्हा आले. आमच्या गल्लीत एकोपा नाही म्हणे, त्यासाठी शिबिर घेणार!

म्हटलं, "एका मशीनवर दोघी शिवत होतो ना साहेब, तेव्हा यायचं होतंत शिकायला."