चांदीच्या तारेची थरथर

डोळे मिटा, मुलांनो, आणि चांदीची एक तार मनात आणा. केसापेक्षा हजारो पट बारीक. भिंगातूनही दिसायची नाही. तिची दोन्ही टोकं घट्ट धरा आणि मधोमध हलकेच वर ढकला. थरथरली? ब्रिस्बेनच्या एका विद्यापीठात व्हासो कोंटू नावाची संशोधक अशा तारा संगणकात रचत असे, अणूला अणू लावून, आणि त्या किती वेळ थरथरतात ते बघत असे.

त्या बुधवारी मात्र ती सकाळपासून खोलीत येरझाऱ्या घालत होती. कॉफी दोनदा गार झाली. शुक्रवारी ती निवृत्त होणार होती आणि त्याच दिवशी तीन वर्षांच्या कामाचा शोधनिबंध छापायला जाणार होता. सगळा भार एका आकड्यावर होता: तार किती लवकर शांत होते. आकडा व्हासोनेच काढलेला, तरी तिचं मन थाऱ्यावर नव्हतं. इतक्या लवकर शांत होते?

शाळेला सुट्टी होती, म्हणून नात एलेनी तिच्या खुर्चीत बसून माउसशी खेळत होती. आजीला ती ग्रीक भाषेत ‘याया’ म्हणे.

"याया, तुझी तार थांबलीच नाहीये."

"थांबते गं. रेघ बघ ना. वर-खाली, वर-खाली, मग सपाट."

"ते बाजूने बघितलं तर. मी चित्र फिरवलंय. वरून बघ."

व्हासो वाकली. वरून पाहिलं तर तार डावीउजवीकडे मजेत हेलकावे खात होती.

तिने आकड्यांचा तक्ता उघडला. तार वर ढकलली, म्हणून वर-खालीचाच रकाना तिने वाचला होता. पण ही तार कापली तर छेद चौरस नव्हे, तिरक्या शंकरपाळ्यासारखा. अशा तारेची हालचाल हळूहळू आडवी होते आणि काही वेळाने परत उभी होते. ती परतण्याआधीच व्हासो दर वेळी गणित थांबवत आली होती.

"मी काही बिघडवलं का?"

"तू नाही, बाळा. मी. तीन वर्षं."

तिने कॅलमला बोलावलं. तो गटाचा प्रमुख, वयाने तिच्या मुलाएवढा. बघून त्याने कपाळ चोळलं.

"व्हासो, शुक्रवारी तुझा केक कापायचाय. हे आत्ताच सापडायचं होतं?"

"सापडलंय खरं. आकडा काढून टाक."

"मग निबंधात उरतं काय?"

"फारसं काही नाही."

"कुणाच्या लक्षातही आलं नसतं."

"माझ्या आलंय ना."

कॅलमने बोटांवर दिवस मोजले. मग म्हणाला, "पुरतं चालवून बघायला सहा दिवस लागतील. तू तर नसशील."

"संगणक असेल."

तो गेल्यावर तिने तीच तार पुन्हा ढकलली आणि या वेळी थांबायची वेळच घातली नाही. मग कपाटातल्या वह्या खोक्यात भरू लागली. दोन भरायची, एक काढून चाळायची.

"सोमवारी इथे कोण बसणार?" एलेनीने विचारलं.

"नवा माणूस."

"तो हे बंद करेल?"

"करेलही. त्याला काय माहीत?"

एलेनीने वहीचं पान फाडलं, त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘बंद करू नका. तार अजून हलतेय,’ आणि पान पडद्याला चिकटवलं. दोन पावलं मागे जाऊन वाचलं. मग पुन्हा पुढे झाली आणि खाली आजीचं पूर्ण नाव लिहिलं.