मुक्या मारिम्बाला वाचा

पेत्रोना बसमधून उतरली तेव्हा केत्साल्तेनांगोवर धुकं होतं. एकसष्ट वर्षांच्या आयुष्यात तिनं हे शहर पाहिलं नव्हतं. डोंगरातल्या सांता एउलालियाहून इथली मारिम्बा, काठ्यांनी वाजवायचं लाकडी पट्ट्यांचं मोठं वाद्य, दुरुस्त करायला तिचा नवरा बाल्तासार यायचा होता. पण परवाच तो कौलांवरून पडला, हात मोडून बसला.

सभागृहात वादकांचा म्होरक्या कासिमिरो तिच्या पाठीमागं बघत राहिला.

"कारागीर कुठाय?"

"घरी. हात गळ्यात बांधून."

"मग तुम्ही कशाला आलात, दोन्या?" मोठ्या बाईला मानानं म्हणतात तसं तो म्हणाला.

"मारिम्बाला पडदे लावायला. चाळीस वर्षं मीच लावतेय. नाव तेवढं त्याचं."

वादक हसले. संध्याकाळी पाचला जत्रेचा नाच होता आणि मारिम्बाचे खालचे सूर मुके झाले होते. पेत्रोनानं बूट काढले, खाली वाकली आणि एकेक पट्टी वाजवून ऐकू लागली. प्रत्येक पट्टीखाली लाकडाची पोकळ नळी असते, नळीच्या टोकाला भोक, आणि भोकावर डुकराच्या आतड्याचा पातळ पडदा. तो थरथरला की सूर झणझणतो. इथं मात्र पडद्यांच्या जागी प्लास्टिक चिकटवलं होतं.

"ही भाजीची पिशवी कुणी लावली?"

"शहरात असंच चालतं," एक वादक म्हणाला.

"म्हणूनच शहरात असं वाजतं!"

आता हसं त्या वादकाचं झालं.

तिनं गावाहून सात पडदे आणले होते. लागणार होते एकोणीस. ती उठली आणि विचारत विचारत बाजारात गेली. खाटकीण दांडगी होती, आवाजही तसाच.

"आतडं हवंय? सॉसेज करणार का, आई?"

"नाही गं, गाणं करणार."

"अगंबाई! माझी डुकरं जिवंतपणी कधी गायली नाहीत." हसता हसता तिनं सगळ्यात स्वच्छ आतडं निवडून दिलं.

पेत्रोनानं तिथंच नळाखाली ते खरवडलं, आतली झिरझिरीत कातडी सोलून काढली. वाटेत मेणबत्तीवाल्याकडून काळं मेण घेतलं. आणि मग ती चुकली. सगळ्या गल्ल्या एकसारख्या, सगळ्या भिंती पिवळ्या. दोघांनी दोन दिशा दाखवल्या. तिला रडू यायला लागलं, तेवढ्यात कुठूनतरी सराव ऐकू आला. वरचे सूर खणखणीत, खालचे लंगडे.

"हीच ती आजारी!" ती मोठ्यांदा म्हणाली आणि आवाजाच्या मागं चालत थेट दारात आली.

धुकं फिटलं होतं. तिनं गच्चीवर कातडी ताणून वाळत घातली, तासाभरात ती कांद्याच्या पापुद्र्यासारखी झाली. मेण बोटांनी मऊ करून भोकाभोवती कडं, त्यावर पडदा, हलकेच फुंकर. एकोणीस वेळा. कासिमिरो शेजारी उभा होता. सकाळी तिच्या पाठीमागं कारागीर शोधणारा तोच आता न सांगता दिवा धरत होता.

"वाजवा, मास्तर."

त्यानं सर्वात खालच्या पट्टीवर काठी टाकली. सूर उठला, झणझणत अख्ख्या सभागृहात पसरला. खिडकीची काच थरथरली. कासिमिरोनं काठी खाली ठेवली, डोक्यावरची हॅट काढली.

"माझ्या वडलांच्या काळी ही अशी वाजायची," तो एवढंच म्हणाला.

पाच वाजता सभागृह खच्चून भरलं. पहिलं गाणं संपताच कासिमिरोनं माइक हातात घेतला. "आज ही मारिम्बा बोलतेय, ती सांता एउलालियाच्या दोन्या पेत्रोनांमुळं. त्यांच्या हातामुळं!" टाळ्या काही थांबेनात. पेत्रोनानं शाल सावरली, मान मात्र खाली घातली नाही.

शहरातल्या आणखी तीन वाद्यवृंदांचे म्होरके तिच्याभोवती जमले. प्रत्येकाची मारिम्बा आजारी होती.

"दोन्या, आधी आमच्याकडं या!"

"आमची तर कधीची मुकी आहे!"

"उद्या," पेत्रोना म्हणाली. दुसरं गाणं सुरू झालं होतं. तिनं शाल खुर्चीवर टाकली. "आज मला नाचायचंय."