चांगलं लक्षण

आमच्या पोरीनं, फेम्मीनं, तीन आठवडे धड खाल्लं नव्हतं, आणि माझा नवरा खूश होता! बाहेरच्यांना हे वेड वाटेल. आमच्या या डच खेड्यात मात्र पंधरा वर्षांची पोरगी पापाच्या भीतीनं झुरायला लागली, की वडीलधारे मान डोलावतात. देव तिच्यात काम करतोय म्हणे.

"चांगलं लक्षण आहे, यान्ना," रूलॉफ म्हणायचा. "डॉक्टरकडं नेऊन त्यात खोडा घालू नकोस."

"लक्षण गेलं खड्ड्यात! पोरीची हाडं दिसायला लागलीत."

त्याला न विचारता मी डॉक्टरची सोमवारची वेळ घेऊन टाकली आणि मगच त्याला सांगितलं. तरी जिवाला घोर होताच. ती बापाच्या शब्दाबाहेर जायची नाही; तो नको म्हणाला, तर गाडीत पाऊलही ठेवणार नव्हती.

रविवारी जेवणं झाली. रूलॉफनं रोजच्यासारखा बायबलमधला अध्याय वाचला आणि विचारलं, "फेम्मी, शेवटचा शब्द कोणता?" मुलं ऐकतात की नाही, हे बघायची आमच्याकडची रीत.

ती नुसता टेबलक्लॉथ चोळत बसली.

"फेम्मी?"

"मला ऐकूच येत नाही, बाबा. छातीत नुसतं धडधडतं. देवानं मला तारायला निवडलंच नसेल तर?" मग एकदम म्हणाली, "तुम्ही तरी कधी प्रभुभोजनाला उठलात? बाकावरच बसून राहता. तुम्हालाच खात्री नाही, तर मी कुठं जाऊ?"

आमच्या चर्चमध्ये प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या आठवणीची भाकर नि द्राक्षारस घ्यायला, पाच-सहा म्हातारेच उठतात; देवानं आपल्याला निवडलंय अशी खात्री असेल त्यानंच उठायचं. बाकी कुणाची छाती होत नाही. पण हे कुणी कुणाला तोंडावर विचारत नाही, आणि बापाला तर नाहीच. आता हा भडकणार, म्हणून मी उठून तिच्या मागं उभी राहिले. त्यानं पुस्तक मिटलं आणि प्रार्थना न करताच गोठ्यात निघून गेला.

सोमवारी बघते तर गाडीच्या स्टिअरिंगवर तोच, रविवारचा काळा कोट घालून.

"बस, पोरी," एवढंच म्हणाला.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "ही भीती कधीपासून वाटते?"

"सप्टेंबरपासून," फेम्मी म्हणाली.

"मला चौदाव्या वर्षापासून," रूलॉफ म्हणाला. त्याला कुणी विचारलं नव्हतं.

फेम्मी वळून त्याच्याकडं बघत राहिली. आणि मी, बावीस वर्षं या माणसाशेजारी झोपणारी, संतापानं रडायला लागले.

"अरे, मग सांगायचंस की रे!"