एनॉकची बावीस वर्षं दाबलेली हाक

एनॉक बार्ट्रमने काउंटीसाठी बावीस मोसम गोलंदाजी केली होती, पण पंचाकडे वळून एकदाही ओरडला नव्हता. "मी काय मासे विकतोय?" असं तो नव्या पोरांना ऐकवायचा. फलंदाज बाद आहे का, हे विचारायचं काम यष्टिरक्षक पर्सी गॉडबरचं. पर्सी ओरडला की शेजारच्या गल्लीत भट्टीतला केक खाली बसायचा. खोटं वाटत असेल तर त्या गल्लीत विचारा.

त्या सप्टेंबरात एनॉक एक्केचाळीसचा होता आणि मोसमातले बळी नव्व्याण्णव. सकाळीच सेक्रेटरी मेजरसाहेबांनी त्याला पॅव्हेलियनच्या जिन्यात गाठलं.

"शंभर कर, बार्ट्रम. नाहीतर पुढच्या उन्हाळ्यात गवत काप."

"गवतही सरळच कापीन, साहेब," एनॉक म्हणाला खरा, पण जिना उतरताना त्याने कठडा धरला.

दिवसभर शंभरावा काही मिळाला नाही. बघता बघता शेवटच्या सामन्याचा शेवटचा चेंडू आला. समोरच्यांना चार धावा हव्या होत्या, म्हणून कप्तानाने सगळे गडी पार सीमेवर पांगवले. जवळ उरला एकटा पर्सी. आणि पर्सीच्या तोंडात दात नव्हते! चहाच्या वेळच्या दगडी केकने त्याची कवळी खिळखिळी केली होती. ती गिळायला नको, म्हणून त्याने रुमालात बांधून पंच वॉल्टर ऑल्डकॉर्नच्या खिशात ठेवली होती. स्वेटर, टोपी पंचाकडेच ठेवायची रीत. मग दातांनी काय घोडं मारलंय?

एनॉक अकरा पावलं धावला. चेंडू पडला, आत वळला आणि थाड्कन पॅडवर बसला. मधली यष्टी पुरी झाकलेली. फलंदाज घाईघाईने ढग बघू लागला.

पर्सीने दोन्ही हात उंचावले, जबडा वासला. बाहेर आलं नुसतं "फूऽऽस".

सीमेवरच्यांना लांबून काहीच कळलं नाही. वॉल्टरला सगळं दिसलं होतं. पण विचारल्याशिवाय पंचाला बोट वर करता येत नाही, आणि 'वेळ संपली' म्हटलं की विचारताही येत नाही. त्याने षटकातले चेंडू मोजायचे खिशातले सहा खडे मोजले. पुन्हा मोजले. चष्मा पुसला.

"बराच गार वारा सुटलाय," तो एनॉककडे न बघता म्हणाला.

विचारलं, तर बावीस वर्षांचा तोरा पाण्यात. नाही विचारलं, तर गवत. खेळ संपवायला वॉल्टरचा हात यष्टींवरच्या बेल्सकडे गेला. बोटं टेकली. 'वेळ संपली' म्हणायला त्याने तोंड उघडलं—

"हाऊज दॅऽऽऽट!"

बावीस मोसमांचं साठलेलं एकदम फुटलं. चर्चवरची कबुतरं उडाली ती थेट दुसऱ्या काउंटीत उतरली. पॅव्हेलियनमध्ये मेजरसाहेब एनॉकला निरोपाचं पत्र लिहीत होते. कप उलटला आणि सगळा चहा त्या पत्रावर.

वॉल्टरचं बोट केव्हाच वर गेलं होतं.

"बहिरा नाहीये मी, गाढवा," तो म्हणाला, आणि खिशातून पर्सीचे दात काढून दिले.

एनॉक पुढे आणखी तीन उन्हाळे खेळला. तेव्हापासून चेंडू पॅडच्या हातभर लांबून गेला तरी तो विचारायचाच. पर्सीला मग फक्त चेंडू अडवायचंच काम उरलं.